सायकलच्या तारा सैल कां पडतात?

गांवोगांवच्या कोपऱ्यांवर सायकल-दुरुस्तीचीं दुकानें असतात, आणि त्या दुकानांत उलटी करून ठेवलेली एक तरी सायकल असतेच. दुकानदार तिचें चाक हातानें गरकन् फिरवितो, रिमेजवळ खडूचा तुकडा धरतो, आणि जेथें खडू लागतो तेथील एक-दोन तारा किल्लीनें आवळून 'आउट काढला' असें सांगून पैसे घेतो. मालक समाधानानें घरीं जातो. पंधरा दिवसांनीं चाक पुन्हां डुलूं लागतें, आणि त्याच तारा, किंवा त्यांच्या शेजारच्या, पुन्हां बोटाला सैल लागतात. मग दोष कोणाला द्यावयाचा? रस्त्यावरील खड्ड्यांना, कारखान्याच्या हलक्या मालाला, नाहीं तर मागील कॅरियरवर बसणाऱ्या धाकट्या मेहुण्याच्या वजनाला! हीं तिन्ही कारणें अगदींच खोटीं नाहींत. परंतु मूळ प्रश्न तसाच राहतो. ज्या तारेला कोणी हात लावला नाहीं, जिच्या टोकाचें पितळी निपल आट्यांवर घट्ट बसविलें होतें, तें निपल चालतां चालतां आपोआप उलटें फिरतें तरी कसें? हें समजून घ्यावयाचें तर तारेचें चाक मुळांत कोणी, कशासाठीं आणि कोणत्या विचारानें घडविलें तेथपर्यंत मागें जावें लागतें. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यांत श्रेय व शास्त्रीय खुलासा या दोन्ही बाबतींत बराच काळ घोटाळा झालेला आहे.

आपल्याकडील बैलगाडीचें चाक प्रथम डोळ्यांपुढें आणावें. मध्यें जाड तुंबा, त्यांत ठोकलेले लांकडी आरे, त्यांच्या टोकांवर परिघाचे वक्र तुकडे, आणि सर्वांवर लोखंडी धांव. लोहार ती धांव तांबडी होईपर्यंत तापवितो, चाकावर चढवितो आणि पाणी ओतून थंड करतो. थंड होतांना लोखंड आंकसतें आणि साऱ्या चाकाला चोहोंकडून मिठी मारतें. या चाकांतील आरा हा खांब असतो. गाडीचा भार आंसावरून तुंब्यावर, तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर आणि आऱ्यावरून जमिनीवर उतरतो; म्हणजे गाडी आपल्या खालच्या आऱ्यावर उभी असते. हें चाकही ढिलें होतें, नाहीं असें नाहीं. वैशाखांत लांकूड वाळून आंखडलें कीं धांव खुळखुळूं लागते, आणि शेतकरी चाकें नदीच्या पाण्यांत ठेवून फुगवून घेतो. परंतु येथें ढिलेपणाचें कारण उघड आहे, आणि उपायही तितकाच उघड.

लांकडाच्या जागीं दोरी किंवा तार वापरून चाक करतां येईल, ही कल्पना पहिल्या प्रथम कोणाही सायकलवाल्याला सुचली नाहीं. ती सुचली विमानाचीं स्वप्नें पाहणाऱ्या एका माणसाला. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचे जमीनदार सर जॉर्ज केली हे पक्ष्यांचें उडणें अभ्यासीत असत. आकाशांत जाणाऱ्या यंत्राला जमिनीवर धांवण्यासाठीं चाकें हवींत, आणि तीं तर पिसासारखीं हलकीं हवींत, ही अडचण त्यांच्यापुढें उभी राहिली. १८०८ सालच्या आपल्या टिपणवहींत त्यांनीं असा विचार मांडला कीं, जाड लांकडी आरे काढून टाकावेत आणि त्यांच्या ठिकाणीं घट्ट ताणलेल्या दोऱ्या लावाव्यात. मग सारा दाब परिघाच्या कड्यानें सोसावा आणि दोऱ्यांनीं केवळ ताण सोसावा. दोरीला कोणी ढकलूं शकत नाहीं, ओढूं मात्र शकतें, या साध्या अनुभवावर ही सारी कल्पना उभी आहे. केलींचें विमान त्यांच्या हयातींत मनुष्याला घेऊन स्वशक्तीनें उडालें नाहीं. त्यांच्या टिपणानंतर शंभर वर्षांनीं, १९०९ सालीं, फ्रेंच वैमानिक ब्लेरियो इंग्लिश खाडी ओलांडून गेला तेव्हां त्याच्या विमानाला तारेचींच चाकें होतीं. कल्पनेनें आपला मूळ मालक शोधून काढावा तसेंच हें झालें. वाटेंत मात्र ती सायकलींतून प्रवास करून आली.

सायकलचा जन्मही लांकडी चाकावरच झाला. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें दोन चाकें एकापुढें एक लावून, पायांनीं जमीन रेटीत चालविण्याचें वाहन केलें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें मिशो यांच्या कारखान्यांतून पुढच्या चाकाला पायटे लावलेलीं वाहनें निघालीं. त्यांचीं चाकें छकड्याच्या चाकांचींच धाकटीं भावंडें होतीं: लांकडी आरे आणि लोखंडी धांव. फरसबंदी रस्त्यावर त्यांवर बसणाऱ्याचीं हाडें इतकीं खिळखिळीं होत कीं इंग्रजांनीं त्या वाहनाला हाडें हलविणारें असेंच नांव दिलें.

याच पॅरिसमध्यें यूजीन मेयर नांवाच्या कारागिरानें १८६९ सालीं तारेच्या चाकाचें पेटंट घेतलें. प्रत्येक तार वेगळी आणि प्रत्येक तार स्वतंत्रपणें ताणतां येईल अशी, ही त्याच्या चाकाची खुबी होती. आजच्या सायकलच्या चाकाचा खरा पूर्वज हाच. परंतु १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, पॅरिसला वेढा पडला, आणि फ्रान्समधील हा नवा धंदा पार विसकटला. धंद्याबरोबर मेयरचें नांवही बुडालें. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकांमागून पुस्तकांत तारेच्या चाकाचें जनकत्व एका इंग्रज गृहस्थाकडे दिलें गेलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुनीं फ्रेंच पेटंटें संशोधकांनीं उलगडलीं तेव्हां कोठें मेयरला त्याचें देणें मिळालें. लढाईंत हरलेल्या राष्ट्राच्या कारागिरांचे शोधही परक्यांच्या बाजारांत बेवारशी मालासारखे खपतात, याचें हें एक ठळक उदाहरण आहे.

तो इंग्रज गृहस्थ म्हणजे जेम्स स्टार्ली. मेयरचें श्रेय मेयरला दिल्यानंतरही स्टार्लीची थोरवी कमी होत नाहीं, कारण तारा सैल पडण्याच्या दुखण्याशीं त्यानें जितकी झुंज घेतली तितकी त्या काळांत दुसऱ्या कोणीं घेतलेली दिसत नाहीं. १८३० सालीं ससेक्स परगण्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. लहानपणींच घर सोडून तो लंडनकडे गेला, एका धनिक यंत्रकारखानदाराच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिला, आणि तेथें मालकिणीचें शिवणयंत्र दुरुस्त करून देण्यांत त्याचें कसब प्रकट झालें. पुढें १८६१ च्या सुमारास तो कॉव्हेंट्री शहरीं शिवणयंत्रांच्या धंद्यांत पडला. कॉव्हेंट्री हें रेशमी फितींचें व घड्याळांचें गांव. १८६० सालच्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करारानें फ्रेंच फिती जकातीवांचून येऊं लागल्या आणि तेथील विणकऱ्यांचे माग बंद पडले. अशा बेकारीच्या गांवीं १८६८ च्या अखेरीस पॅरिसहून एक दुचाकी आली, आणि शिवणयंत्रें करणाऱ्या त्याच कंपनीनें तीं वाहनें करण्यास घेतलीं. एका उपाशी गांवाला त्या दुचाकीनें पुढें कित्येक पिढ्या पोसलें.

स्टार्ली आणि त्याचा सहकारी विल्यम हिलमन यांनीं १८७० सालीं 'एरियल' नांवाच्या सायकलचें पेटंट घेतलें. पुढचें चाक प्रचंड, मागचें बारकें, आणि चाकांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा. पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. बोटांनीं वांकविली तर वांकेल अशा तारेवर धडधाकट माणूस बसतो कसा? परंतु खुद्द स्टार्लीला भेडसावणारा प्रश्न निराळाच होता: ह्या तारा ताठ ठेवावयाच्या कशा? त्याच्या युक्तीचें वर्णन ऐकण्यासारखें आहे. तुंब्याला त्यानें एक आडवा दांडा जोडला, आणि त्या दांड्याच्या दोन्ही टोकांपासून परिघापर्यंत दोन ताणदांड्या नेल्या. त्या दोन दांड्यांचे आटे फिरविले कीं तुंबा परिघाच्या मानानें किंचित् वळे आणि चाकांतील साऱ्या तारा एकदम आवळल्या जात. आपल्या घरांतील सुतळीची बाज सैल पडली म्हणजे पायथ्याकडची दोरी ओढून सारी बाज एकदम ताठ करतात, तशांतलाच हा प्रकार. तोटाही बाजेचाच: एकच पदर ढिला असला तर त्यासाठीं सारी बाज ओढावी लागते, आणि जो पदर आधींच घट्ट आहे तो तुटण्याच्या बेताला येतो. आडवा दांडा पुढें गेला आणि मेयरच्या चाकांतल्याप्रमाणें प्रत्येक तारेला वेगळा ताण हीच रीत टिकली, ती याच कारणानें.

उंच चाकाच्या त्या सायकलींत आणखी एक पीडा होती. तारा तुंब्यापासून परिघाकडे सरळ, सूर्यकिरणांप्रमाणें जात. पायटे तर थेट तुंब्याला लावलेले. पाय मारला कीं तुंबा पुढें वळूं पाही, चाक मात्र रस्त्याच्या विरोधामुळें मागें राही. सरळ तारेला ही पिळवटणारी ओढ धरतां येत नसे. ती थोडी तिरपी होई, मगच ओढ धरी. उजवा पाय, डावा पाय, पुन्हां उजवा, अशा प्रत्येक रेट्यासरशीं तुंबा आपल्या जागीं मागेंपुढें चुळबुळे, आणि तारा मुळाशींच मोडत. १८७४ सालीं स्टार्लीनें स्पर्शरेषेंतील तारांचें पेटंट घेतलें. तारा तुंब्याच्या कडेला स्पर्श करून, अर्ध्या पुढच्या दिशेनें व अर्ध्या मागच्या दिशेनें, एकमेकींना छेदीत जाऊं लागल्या. पाय मारतांना एका गटानें ओढावें आणि दुसऱ्यानें सैल सोडावें अशी वांटणी झाली. आज घराच्या ओट्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही साध्या सायकलीच्या मागील चाकाकडे पाहावें. तारांची जी जाळी दिसते ती १८७४ सालची आहे. दीडशें वर्षांत इतकी कमी बदललेली यंत्ररचना क्वचितच सांपडेल. स्टार्ली १८८१ सालीं वारला, आणि १८८४ सालीं कॉव्हेंट्रीकरांनीं त्याचें स्मारक उभारलें.

यापुढील इतिहास सर्वपरिचित असल्यानें लांबविण्याचें कारण नाहीं. १८८५ सालीं त्याचाच पुतण्या जॉन केंप स्टार्ली यानें सारख्या आकाराच्या दोन चाकांची, सांखळीनें चालणारी 'रोव्हर' काढली. १८८८ सालीं बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनीं हवेचा टायर आणला. हवेच्या टायरनें बसणाऱ्याच्या हाडांबरोबर तारांचीही मोठी सोय केली, कारण भरीव रबरावरून प्रत्येक दगडाचा ठोका जसाच्या तसा तारांपर्यंत पोंचत असे.

हिंदुस्थानांतील रस्त्यांवरही तारेचें चाक फार लवकर आलें. टॉमस स्टीव्हन्स हा उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला गृहस्थ १८८६ सालीं लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्यानें गेला. किर्लोस्कर घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ हा धरतात, तोही नांगरापासून झाला नसून बेळगांवच्या सायकलींच्या दुकानापासून झाला, हें महाराष्ट्रांत पुष्कळांना ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैलांचा प्रवास करून १९२८ सालीं परतले. अठ्ठावीस इंची चाक धरलें तर एवढ्या अंतरांत त्याचे तीन कोटींहून अधिक फेरे होतात. फेऱ्यांचा हा आंकडा ध्यानांत ठेवावा, कारण तारेचें सारें दुखणें फेऱ्यांत आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तारेच्या चाकांत भार कोणत्या तारा उचलतात? बैलगाडी खालच्या आऱ्यावर उभी असते हें पाहिलें. तार तर उभें राहूं शकत नाहीं. म्हणून पुष्कळ दिवस असें शिकविलें जात असे कीं सायकलचा तुंबा वरच्या तारांना लोंबकळत असतो. ऐकावयास हें सरळ वाटतें, आणि शाळेंतील मुलाला पटतेंही. परंतु मोजमाप घेतलें असतां तसें आढळत नाहीं. इंग्रज स्थापत्यशास्त्रज्ञ पिपर्ड आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस यांनीं १९३१ सालीं तारेच्या चाकांतील ताणांचें गणित व प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९८१ सालीं अमेरिकन अभियंते जॉब्स्ट ब्रांट यांनीं सायकलच्या चाकावर लिहिलेल्या पुस्तकांत संगणकाच्या साहाय्यानें प्रत्येक तारेचा हिशेब मांडून दाखविला. सायकलीवर माणूस बसला म्हणजे वरच्या तारांचा ताण जवळजवळ बदलत नाहीं. आडव्या तारांचा अगदीं किंचित् वाढतो. आणि जमिनीला टेकलेल्या भागाच्या वरच्या ज्या तीन-चार तारा, त्यांचा ताण मात्र एकदम उतरतो. चाकावर जितकें वजन पडलें, साधारण तितकाच ताण ह्या खालच्या मूठभर तारांतून वजा होतो.

हें विचित्र वाटेल, म्हणून जरा सावकाश पाहूं. चाक बांधतांना प्रत्येक तार आधींच ओढून ठेवलेली असते. चांगल्या चाकांत हा ताण प्रत्येक तारेस साठ, ऐंशी, कधीं शंभर किलोंपर्यंतही असतो; चाळीस तारांचा मिळून कांहीं हजार किलोंचा आवळा तें नाजूक दिसणारें कडें मुकाट्यानें सोसत असतें. जुन्या इंग्रजी घाटाच्या सायकलींना पुढें ३२ व मागें ४० तारा असत, आणि आपल्याकडील अठ्ठावीस इंची सायकलींनींही तीच रीत उचलली, कारण मागील चाकावर भार अधिक. भार पडला कीं जमिनीजवळ रिम कणभर चपटी होते आणि तुंब्याकडे सरकते. तेथील तारांची ओढ कमी होते. ओढ कमी होणें म्हणजेच ढकलणें. ज्याच्या खात्यांत शिल्लक आहे त्यानें त्यांतून खर्च करावा, तशी ही तार आपल्या सांठविलेल्या ताणांतून भार फेडते. शिल्लक मोठी असेल तर खर्च होऊनही तार ताठच राहते. शिल्लक थोडी असेल तर? तर त्या क्षणीं खातें रिकामें होतें, तार सैल होते, आणि सैल तार कांहींच भार उचलीत नाहीं.

तारा सैल पडण्याचें मर्म येथें आहे. निपलच्या आट्यांना जागच्या जागीं धरून ठेवणारें बळ म्हणजे घर्षण, आणि घर्षण ताणामुळें असतें. ज्या क्षणीं तार सैल होते त्या क्षणीं आट्यांवरची पकड नाहींशी होते. त्याच वेळीं रस्त्याचा थरथराट चालू असतो. पकड सुटलेलें निपल त्या कंपनानें अणुमात्र उलटें फिरतें. दुसऱ्या क्षणीं चाक पुढें जातें, तार पुन्हां ताणली जाते आणि निपल पुन्हां घट्ट बसतें, परंतु एक अणु ढिलें होऊन. अठ्ठावीस इंची चाकाचे एका किलोमीटरला साडेचारशें फेरे होतात. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्या कारकुनाच्या सायकलींतील प्रत्येक तार दिवसाकांठीं साडेचार हजार वेळां, आणि वर्षाकांठीं तेरा लाखांवर, या फेऱ्यांतून जाते. मग पंधरा दिवसांत ती बोटाला ढिली लागली तर नवल नाहीं. शिवाय एक तार ढिली पडली कीं तिच्या वांट्याचा भार शेजारणींवर जातो, त्यांची शिल्लक लवकर संपते, आणि दुखणें पसरतें.

यावरून असें दिसेल कीं तारा जास्त आवळल्यानें सैल पडत नाहींत, कमी आवळल्यानें पडतात. दुकानांतून नेमका याच्या उलट समज आढळतो. 'फार आवळूं नका, तुटतील,' असें मालक म्हणतो, आणि भीतीनें अर्धवट ताणलेलें चाक घरीं नेतो. आवळण्यास मर्यादा आहे, नाहीं असें नव्हे; ती ओलांडली तर रिम एकाएकीं भाजलेल्या पापडासारखी मुरडते. पण ती मर्यादा पुष्कळ वर आहे. दोन मिलिमीटर जाडीची चांगली पोलादी तार दोनशें किलोंहून अधिक ओढ सोसते.

दुसरें कारण तारेच्या लांबण्यांत दडलेलें आहे, आणि तें आंकड्यांनींच पटेल. सुमारें तीस सेंटिमीटर लांबीच्या अशा तारेला साठ किलोंचा ताण दिला तर ती लांबते किती? जेमतेम तीन-दशांश मिलिमीटर! म्हणजे तिचें सारें बळ तीन-चार पोस्टकार्डांपेक्षांही कमी जाडीच्या अंतरांत साठविलेलें असतें. निपलच्या आट्यांचा एक पूर्ण वेढा सुमारें ४५-शतांश मिलिमीटरचा असतो. तेव्हां अर्धा-पाऊण वेढा निपल मागें आलें कीं त्या तारेची जवळजवळ सारी पुंजी गेली. नवें चाक पहिल्या महिन्यांत ढिलें कां पडतें याचाही उलगडा यांतच होतो. तारेचें वांकविलेलें डोकें तुंब्याच्या भोंकांत कणभर रुतून बसतें, निपलचें बूड रिमेंत किंचित् रुतून बसतें; एक-दशांश मिलिमीटर जागा मोकळी झाली तरी तिसरा हिस्सा ताण नाहींसा होतो. नव्या तंबोऱ्याच्या तारा जशा दोन-चार दिवस उतरत राहतात, तसेंच हें. म्हणून महिन्याभरानें नवें चाक पुन्हां एकदां दाखवून घेण्याची जुनी रीत अगदीं शास्त्रोक्त आहे. दुकानदार धंद्यासाठीं तसें सांगतो असा संशय घेण्याचें कारण नाहीं.

तिसरें कारण पिळाचें. किल्लीनें निपल फिरवितांना पुष्कळ वेळां निपलबरोबर तारही पिळली जाते. दुकानदाराला वाटतें निपल पाव वेढा पुढें गेलें. प्रत्यक्षांत तारेलाच पाव पीळ बसलेला असतो. मालक सायकलीवर बसून निघाला कीं पहिल्या शंभर पावलांत टण्, टण् असे बारीक आवाज येतात. त्या तारा खालीं येतांच सैल होऊन आपला पीळ सोडीत असतात, आणि पिळाबरोबर ताणही. कसबी कारागीर म्हणून आट्यांना तेल लावून घेतो, निपल थोडें पुढें नेऊन तितकेंच मागें घेतो, आणि शेवटीं तारांच्या जोड्या मुठींत धरून जोरानें दाबतो. या दाबण्यानें डोकीं आपापल्या जागीं बसतात. कंटाळा करून ही शेवटची क्रिया सोडून दिली तर रस्ता ती करतोच, पण रस्त्याला चाकाची काळजी नसते.

तार तुटते तीही बहुधा ओढ असह्य होऊन तुटत नाहीं. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला, तेव्हांपासून अभियंत्यांना हा प्रश्न छळूं लागला कीं जो आंस वर्षानुवर्षें भार वाहत होता तो अकस्मात् मोडला कां. प्रशियन रेल्वेंतील अभियंते ऑगस्ट व्होलर यांनीं पुढें अनेक वर्षें प्रयोग करून दाखविलें कीं एका वेळीं सहज सोसवणारा भार लक्षावधि वेळां चढउतार करीत राहिला तर धातु थकते आणि तडकते. सायकलची तारही अशीच थकते. तिच्या कोपऱ्याशीं, जेथें ती तुंब्यांत वांकते, तेथें प्रत्येक फेऱ्याला ती थोडी हलते. ताठ तार कमी हलते, ढिली तार अधिक. म्हणून ज्या चाकांत तारा ढिल्या, त्याच चाकांत त्या तुटतातही.

रिम खड्ड्यांत आपटून एखाद्या जागीं चपटी झाली असेल तर मात्र वरील कोणताच उपाय चालत नाहीं. तेथील तारा सैल असतात त्या रिमच आंत आल्यामुळें. त्या आवळल्या तर रिम आणखी आंत येते. रिम ठोकून पूर्ववत् गोल करावी लागते, किंवा बदलावी लागते. दुकानांत पुष्कळदां येथेंच तारा आवळण्यांत वेळ व पैसा फुकट जातो. गियरच्या सायकलींत आणखी एक विघ्न आहे. मागील चाकाच्या उजव्या बाजूस दांत्यांच्या चकत्यांची उतरंड बसवावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा उभ्या व फार ताठ, आणि डाव्या बाजूच्या तिरप्या व अर्धवट ढिल्या राहतात. डाव्या तारांचीं निपलें आधीं सुटतात तीं म्हणूनच. कांहीं कारखानदार आतां रिमेचीं भोंकें मध्यावरून डावीकडे सरकवून हा भेद कमी करतात. कांहींजण आट्यांना चिकट द्रव लावून निपल जखडतात. दुसऱ्या उपायानें निपल फिरत नाहीं हें खरें, पण तार खालीं येऊन सैल व्हावयाची ती होतेच, आणि कोपऱ्याशीं थकावयाची ती थकतेच.

१८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस यांनीं अडीचशें फूट व्यासाचा पाळणा उभारला. त्यांत ३६ डबे होते आणि प्रत्येकांत ६० माणसें बसत. तोही सायकलच्या चाकासारखा ताणलेल्या दांड्यांवरच फिरत होता, आणि त्या बारीक दांड्यांकडे पाहून त्यांत पाऊल टाकण्यास पुष्कळजण कचरत. कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावर वीस वर्षांपूर्वीं लोक ज्या अविश्वासानें एरियलकडे पाहत तोच हा अविश्वास.

चाक परीक्षिण्याला कोणतेंही यंत्र लागत नाहीं. तबला मिळवितांना वादक सोळाही घरांवर हातोडीनें हलकेच ठोकून सूर एक आहे कीं नाहीं हें पाहतो; एका घराचा सूर उतरलेला असला तर तेवढेंच घर वर चढवून भागत नाहीं, समोरचें घरही पुन्हां पाहावें लागतें. चांगला सायकल-कारागीर तेंच करतो. चाक हवेंत धरून तो एका बाजूच्या तारा एकामागून एक बोटानें छेडतो, त्यांचा नाद ऐकतो, आणि मगच किल्ली उचलतो. एकाच बाजूच्या सारख्या लांबीच्या तारा सारख्या ताणल्या असतील तर त्यांचा नाद सारखा येतो. जी तार बसकी बोलते ती सैल, जी चिरकते ती वाजवीपेक्षां घट्ट. खडूनें केवळ चाक सरळ आहे कीं वांकडें एवढेंच कळतें, आणि दोन चुकीचे ताण एकमेकांना सांवरून धरीत असले तर चाक कांहीं दिवस सरळही दिसतें. म्हणून सायकल दुकानांतून परत घेतांना मागील चाकाच्या डाव्या बाजूच्या दहा-वीस तारा बोटानें छेडून पाहाव्यात, आणि नाद एकसारखा येत नसेल तर सायकल तेथेंच ठेवावी.